फितीवरचा ‘लाडका’

पोलंडमधल्या तार्नूफच्या दफनभूमीच्या फाटकाशी फुलांचं दुकान आहे. तिथे सेवेरिना विल्कोश एकतीस वर्षं पुष्पचक्रांच्या फितींवर सोनेरी अक्षरं चिकटवत होती. हात सफाईदार, जीभ तिखट. लोक रडत येतात आणि व्याकरण घरी ठेवून येतात, असं तिचं ठाम मत होतं. फुलं मेलेल्याला वाहायची, म्हणजे ‘कोहानि’चं, ‘लाडका’ या शब्दाचं, ‘कोहानेमु’, ‘लाडक्याला’, व्हायलाच हवं. नवरा असो की आजोबा, पुढच्या नामासाठी विशेषणाने रूप बदलायचं म्हणजे बदलायचं.

त्या गुरुवारी सकाळी लुत्सियान आला. सात वर्षांचा असताना आईबरोबर शिकागोला गेलेला, आता चाळिशीत बापाच्या मातीला परतलेला. त्याने चिठ्ठी दिली: ‘कोहानि ताता’. सेवेरिनाने त्याला न विचारता ‘कोहानेमु ताचे’ लिहून फीत दिली.

तासाभरात तो परत आला.

“बाई, मी ‘लाडका बाबा’ सांगितलं होतं.”

“आणि मी ‘लाडक्या बाबाला’ लिहिलं. ‘लाडका बाबाला’ फुलं कोण वाहतं?”

“मला ‘लाडका’च हवंय.”

“अहो, ते बदलतं! बाईसाठी वेगळं, बाप्यासाठी वेगळं, द्यायचं तर एक, बरोबर न्यायचं तर दुसरं. भाषा काय मी केली? माझ्याशी का भांडता?”

लुत्सियानने फीत तिच्यापुढे ठेवली. “मी देत नाहीये हो काही. हाक मारतोय. लहानपणापासून पत्राच्या वरती हेच लिहायचो.”

सेवेरिनाने कात्री खाली ठेवली.

“हाक होय? मग आधी तोंडाला काय कुलूप होतं? हाकेत विशेषण तसंच राहतं. पण ‘तातो’ म्हणायचं, ‘ताता’ नाही. पत्रातही असंच चुकायचात?”

“बाबा कधी काही बोलला नाही.”

“मोठ्या मनाचा होता बिचारा,” ती पुटपुटली आणि तिने नवी फीत कापली.

दुपारी दोनला माती झाली. तीनच्या सुमारास मृताची बहीण, जेनोवेफाबाई, तणतणत दुकानात शिरली.

“सगळ्यांच्या फितींवर ‘लाडक्याला’, आणि पोराच्या फितीवर नुसतं ‘लाडका’? चुकलंच ना तुमचं?”

सेवेरिनाने एप्रन सोडला, खुंटीला अडकवला.

“बाई, हाक आहे ती. का, ते त्या पोरालाच विचारा. आज मी कोणालाही विशेषण समजावणार नाही.”

आणि तिने दारावरची पाटी उलटी केली.