रिमोटवरचा सूर्य

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वासहा वाजता, आमच्या घरातल्या स्प्लिट एसीमधून गरम हवा यायला लागली. त्या एसीला गरम हवा देता येत नाही. घटना एवढीच. बाकीचा तपशील.

मी बहारीनमध्ये एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षं आहे. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ पुढे सोडायची नाही, ही सवय. असले अनुभव कुणी लिहिले की मी न वाचता पुढे जातो. आज स्वतःच लिहायला बसलोय, याचा मलाच वैताग आलाय.

घर बुदैया हायवेजवळ, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीत गॅसला परवानगी नाही – शेगडी, गीझर, सगळं विजेवर. विजेची एक लिमिट भाड्यात धरलेली आहे, त्यापुढचं बिल आमचं. इथे थंडी पडते हे भारतात कुणाला पटत नाही. पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात... गार फरशी, फटी असलेल्या खिडक्या, समुद्रावरून येणारा दमट वारा. जानेवारीत सकाळी खोलीत सोळा अंश. आम्ही स्वेटर घालून दिवस काढतो.

यंदा आई होती. वय त्र्याहत्तर, सांगलीत एकटी राहते. दिवाळीआधी तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी तिला इकडे आणलं. थंडीने तिची बोटं आखडायला लागली. चहाचा कप धरवेना, वेणी घालता येईना. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, "माझं तिकीट काढ. सांगलीत निदान अंगणात ऊन तरी येतं."

सांगलीत ऊन होतं, पण वेणी घालून देणारं कुणी नव्हतं. तेव्हा हीटर हवा होता, आणि रोज लावला तरी लिमिटमध्ये बसेल असा हवा होता.

आठवडाभर मी हेच केलं. फॅन हीटर आणला – दोन हजार वॅटचा. गीझर चालू असताना लावला की मेन ट्रिप व्हायचा आणि बंद केला की दहा मिनिटांत खोली पुन्हा गार. लाल नळ्यांचा हीटर दुकानातच नाकारला, आईचा पदर डोळ्यांसमोर आला म्हणून. इलेक्ट्रिक ब्लँकेट दाखवलं तर आई म्हणाली, "विजेवर निजवतोस मला? त्यापेक्षा सरळ विद्युतदाहिनीतच ने." शेवटी तेलाचा हीटर घेऊन आलो. त्याचं खोकं उघडायच्या आधी तो मंगळवार उजाडला.

"अरे, हा बघ कसा उन्हासारखा वारा सोडतोय! आणि तू कसले डबे गोळा करतोयस?"

आई खाटेवर बसली होती, हातात एसीचा रिमोट. त्यावरचं सूर्याचं चित्र असलेलं बटण तिने दाबलं होतं.

माझी मुलगी सई अकरा वर्षांची. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. "आजी, दॅट्स जस्ट द फॅन," ती म्हणाली आणि एसीखाली हात धरला. मग म्हणाली, "ओके. दॅट्स नॉट द फॅन."

मी एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. चौतीस अंश. पाऊण तासात खोली सोळावरून बावीसवर गेली. एसी बंद करून मी तेच बटण दाबलं. गार वारा. तीनदा दाबलं, तीनदा गार.

"किती जोरात दाबतोस! त्याला काय रागावायचंय का? आण इकडे." तिने आखडलेल्या बोटाने बटण दाबलं. गरम वारा.

पुढचे नऊ दिवस मी नोंदी ठेवल्या. आईने दाबलं की गरम, मी किंवा सईने दाबलं की गार. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून मीटर पाहिला. वीज जळत होती ती एका पंख्याइतकी. यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली ती आत कुठेतरी वायर तापत असण्याची. दहाव्या दिवशी टेक्निशियन बोलावला.

इक्बालभाई दापोलीचे, बहारीनमध्ये बावीस वर्षं एसीचंच काम. स्टुलावर चढून लेबल वाचलं आणि म्हणाले, "हा फक्त थंडवाला. हीट मफी, नाहीच."

"पण रिमोटवर सूर्य आहे."

"साहेब, रिमोट सगळ्या मॉडेलांना एकच येतो. रिमोटावर सूर्य आहे म्हणून मशिनीत ऊन पडणार नाय. सगळेच फसतात."

"आई, दाब."

आईने दाबलं. इक्बालभाईंनी हात वर धरला, काढला, पुन्हा धरला. मग स्टुलावरून उतरून टोपी सारखी केली. "मावशी, अजून एकदा दाबा बघू."

त्यांनी कव्हर उघडलं. आत गरम करणारा कुठलाही भाग नव्हता. वायरी गार होत्या. मग आम्ही दोघं गच्चीवर गेलो, बाहेरचं युनिट बघायला; ते बंद असेल तर आतला एसी म्हणजे नुसता पंखा. त्याचा स्विच बंद होता. केअरटेकरला तिथूनच फोन केला. नोव्हेंबरमध्ये पाण्याच्या टाक्या धुताना त्यानेच तो बंद केला होता आणि चालू करायला विसरला होता. थंडीत कुणी एसी लावत नाही, त्यामुळे तक्रार आली नव्हती.

"म्हणजे वर करंटच नाय," इक्बालभाई म्हणाले. मग स्विचवर हात ठेवून मला विचारलं, "करू चालू?"

मी खाली फोन लावला. आईने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"हात लावू नका त्याला. चाललंय ते चालू दे. आज माझी वेणी मी घातलीय."

इक्बालभाईंनी हात काढला. जाताना दिलेल्या स्लिपवर त्यांनी लिहिलं – 'नो फॉल्ट.' एसी कंपनीला मी लेबलचे फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं आलं : या मॉडेलमध्ये हीटिंगची सोय नाही. माझ्याकडे याहून जास्त माहिती नाही.

आईचं तिकीट आता होळीनंतरचं आहे. तेलाचा हीटर खोक्यातच आहे. आज सकाळी सव्वासहाला खोलीत सोळा अंश होते, सात वाजता बावीस. साडेसातला मी गच्चीवर जाऊन आलो. स्विच बंद आहे.