बरोबर आहे तुमचं

गल्लीच्या तोंडाशी केस कापण्याचं एक दुकान होतं. खुर्च्या दोन, कापणारा एक. धाकटा भाऊ वेगळा झाला तेव्हापासून दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रं बसत. कापणाऱ्याला सगळे बरोबरभाऊ म्हणत, कारण गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असे: "बरोबर आहे तुमचं." वडिलांनी त्याला कैची धरायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की तो मान हलवतो, आणि मान हलली की रक्त येतं.

त्यामुळे सरकारच्या बाजूचा माणूस बसला की देशाची भरभराट चाललेली असे, विरोधातला बसला की देश बुडालेला असे, आणि मधल्या वेळात भाऊ ब्रश धुऊन घेई. त्याला स्वतःला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. बायकोनेही नाही. त्याच्या कटकटी घरगुती होत्या. केसांनी तुंबणारी मोरी, वळताना कण्हणारा पंखा, आणि "थोडेच कमी करा" असं बजावून शेवटी आरशात बघून "एवढेच?" विचारणारी माणसं.

गिऱ्हाइकांत टेलिफोनकाका पक्के. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, लेकीकडे राहणारे. एक दिवसाआड दाढीला येत आणि साबण लागायच्या आत सुरू होत.

"काल परत खणलं."

म्हणजे घरासमोरचा खड्डा. आधी पाणीवाल्यांनी खणला, मग वीजवाल्यांनी. बुजवण्याचं खातं वेगळं आहे आणि ते अजून स्थापन व्हायचंय, असं काकांचं म्हणणं. डाव्या गालावर हा खड्डा नगरपालिकेचा असे, हनुवटीपाशी तो मंत्र्याचा होई, आणि वस्तरा उजव्या कानाशी पोचेपर्यंत राजधानीत, थेट देशाच्या प्रमुखाच्या दारात जाऊन पडे. मग तुरटी फिरवायची.

"एकदा उभं करा त्याला त्या खड्ड्यात," काका त्या दिवशी म्हणाले. "कमरेपर्यंत. पुढचं भाषण तिथूनच करू दे."

"बरोबर आहे तुमचं."

"माईक मी देतो."

बाकावरचे दोघे हसले, पण दाराकडे बघून. हल्ली हसण्याची ही नवी पद्धत पडली होती. मागच्या गल्लीतला शिंपी असाच काहीतरी बोलल्यामुळे आत होता. त्याच्याकडे शिवायला टाकलेले कपडेही दुकानासकट सीलबंद होते, आणि गल्लीला हळहळ कोणाची जास्त वाटत होती हे सांगणं कठीण.

नंतर एक नवा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. दाढी करायची म्हणाला. भाऊने गालाला हात लावला तर गाल गुळगुळीत. सकाळीच घोटलेला. हे भाऊच्या लक्षात आलं. पण गिऱ्हाईक दाढी मागतं तेव्हा आपण साबण लावतो, या हिशेबाने त्याने साबण लावला.

"टेलिफोनवाले इथेच येतात ना?"

"बरोबर आहे."

"फार बोलतात म्हणे."

"बरोबर आहे तुमचं."

"मोठ्या साहेबांना खड्ड्यात घाला म्हणाले."

"बरोबर."

"आणि वरून माती लोटा."

वस्तरा तेव्हा नेमका गळ्यावर होता. माती काकांनी लोटली नव्हती. काकांनी कमरेपर्यंत उभं केलं होतं आणि वर माईक दिला होता. भाऊला ते स्पष्ट आठवलं. पण हात आणि जीभ एकाच चालीवर चालायची सवय झालेली.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.

माणूस आरशात बघून म्हणाला, दाढी छान झाली.

दोन दिवसांनी काकांना घरातून नेलं. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. बायकोने विचारलं, "तुम्ही काय बोललात त्या माणसाला?"

"मी कुठे काय बोललो? मी बरोबर म्हणालो."

"तेच विचारतेय," बायको म्हणाली आणि ताट उचललं.

काकांची लेक दुकानात आली तेव्हा बाकावरची माणसं कामं आठवून उठून गेली. ती आरशासमोर उभी राहिली. "भाऊ, तुमच्याच नावावर सगळं उभं केलंय त्यांनी. तुम्ही येऊन एवढंच सांगा, की बाबा मातीचं काही बोलले नव्हते. वकील म्हणतो, तेवढ्यानं सुटतील."

"बरोबर आहे, ताई."

"मग येताय ना?"

तो चौकीवर आला. खरंच आला. सदरा बदलून, रस्ताभर ते वाक्य मनात घोळवत आला. *काका माती लोटा म्हणाले नव्हते.* लहानसंच वाक्य. लेक बाहेर बाकावर बसली, भाऊ आत गेला.

आत साहेब खुर्चीत होते. भाऊला बस म्हणाले, पण तो बसला नाही. नकळत तो खुर्चीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, जरासा मागे, जिथून माणसाचा कान आणि मान दिसते.

"बोला."

"साहेब, ते काका..."

"तुम्ही तर सांगितलंय ना आमच्या माणसाला? स्वतःच्या तोंडाने?"

"बरोबर आहे."

"मग आता?"

वाक्य होतं. तोंडापर्यंत आलेलं होतं. पण आजवर त्याने कुणापुढे स्वतःचं वाक्य सुरू केलेलं नव्हतं. आधी दुसऱ्याने बोलायचं, मग याने. शेवटी साहेबांनाच दया आली.

"हे बघा, दिवसभर शंभर माणसं बोलतात तुमच्याकडे. कोण काय बोललं, आता नीट आठवत नाही, असंच ना? उगाच तुम्ही कशाला अडकता यात?"

आवाज समजुतीचा होता. कॉलरच्या वर मानेवरचे केस वाढले होते.

"बरोबर आहे तुमचं," भाऊ म्हणाला.

मग चहा आला. नको म्हणणं त्याला जमलं नाही. पिऊन तो बाहेर आला.

लेक उठून उभी राहिली. "सांगितलंत?"

"नाही."

किती सहज आलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

ती म्हणाली, "मग एवढा वेळ आत काय करत होतात?"

"चहा दिला त्यांनी," भाऊ म्हणाला.