उष्णतेला शून्य

थोरलीने एकदा डूख धरला की तो तिच्याबरोबर जेवायला बसे आणि तिच्याबरोबरच झोपे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूने तिच्या शिवणाला नावं ठेवली होती. त्यानंतर सासू जिवंत असेपर्यंत तिच्या कपड्याला थोरलीने साधं बटणही लावून दिलं नाही. बाकी सगळं केलं, आजारपणात उशापायथ्याशी बसली, पण बटण नाही. अशा बाईच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये. कारखान्याचा मॅनेजर शिकलेला होता, शहाणा नव्हता.

दोघी जावा एकाच धुलाई कारखान्यात कामाला होत्या, म्हणून तिथेही त्यांची नावं थोरली आणि धाकटी हीच पडली. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. खाली धुलाईखाता, तिथे सगळे पुरुष. वर इस्त्रीखाता, तिथे सगळ्या बायका. इस्त्री म्हणजे हातातली नव्हे, वाफेवर तापलेला, माणसाच्या कमरेएवढा जाड लोखंडी रूळ. दोघींनी ओल्या चादरीचे कोपरे धरून ती एका बाजूने आत घालायची आणि पलीकडे दुसऱ्या दोघींनी ती चटके सोसत ओढून घडी करायची. रूळ थांबत नसे, त्यामुळे बायकाही थांबत नसत.

धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, खाली धुलाईत होता. त्याचा पगार या दोघींपेक्षा बराच मोठा होता.

"आम्ही ओझं उचलतो, वहिनी," तो जेवताना म्हणे. "ओल्या चादरींचं गाठोडं एकदा उचलून बघा."

"आणि ती गाठोडी वर आली की आपल्या पायांनी चालत कपाटात जाऊन बसतात वाटतं?" थोरली विचारी.

दीर हसून वेळ मारून नेई. माणूस वाईट नव्हता, पण पगार मोठा असला की छातीही आपोआप दोन बोटं पुढे येते.

मागच्या उन्हाळ्यात धाकटी रुळापाशी चक्कर येऊन पडली. पडता पडता तिचा हात रुळाला लागला आणि कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी सोलून निघाली. मॅनेजर वर आला, त्याने दारातूनच पाहिलं.

"नाटकं आहेत," तो म्हणाला. "काम नको म्हणून."

शिवाय जागा सोडली म्हणून धाकटीचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. त्या संध्याकाळी थोरलीने जावेच्या हाताला मलम लावलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. दीर घाबरला तो तिच्या त्या गप्प बसण्याला.

पुढे सरकारने कायदा केला. काम वेगळं दिसत असलं तरी त्याचं मोल सारखं असेल तर पगार सारखा द्यायचा, मग करणारा बाप्या असो की बाई. त्यासाठी मालकांनी प्रत्येक कामाला गुण द्यायचे होते. ओझ्याला इतके, कौशल्याला इतके, जबाबदारीला इतके, कामाच्या जागेच्या त्रासाला इतके. हे गुण कामगारांसमोर वाचून दाखवायचे, असंही कायद्यात होतं. मॅनेजरने एका दुपारी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि वाचलं. पुरुषांना ओलाव्याचे गुण होते, ओझ्याचे होते, निसरड्या फरशीचेही होते.

"इस्त्रीखाता. उष्णता, शून्य," त्याने वाचलं आणि कारणही वाचलं, तेही हसत. "महिलांना स्वयंपाकघरातल्या उष्णतेची सवय असते."

पुरुष खो खो हसले. दीरही हसला, पण बायकोच्या हाताकडे नजर गेली तसा मध्येच थांबला.

"कोणाची हरकत?" मॅनेजरने विचारलं. कायद्याने विचारावंच लागत होतं.

"माझी," थोरली म्हणाली.

हरकत आली म्हणजे तपासनीस येणार, पूर्ण पाळी उभी राहून काम बघणार आणि कारखान्याच्या वतीने मॅनेजरने पूर्ण वेळ तपासनीसाच्या शेजारी थांबायचं. शून्य कायम राहिलं तर बायकांचा पगार पुढची कित्येक वर्षं तिथेच अडकणार होता. मॅनेजर मात्र निर्धास्त होता. त्याला कारण होतं.

कोणी पाहुणे येणार असले की इस्त्रीखाता नटवायची पद्धत होती. खिडक्या उघडायच्या, दोनपैकी एक रूळ बंद ठेवायचा, ऑफिसातले पंखे वर आणायचे. हे सगळं बायकाच करत आणि आनंदाने करत, कारण तेवढा एक दिवस त्यांना वारा मिळे. आपलंच दुःख आपल्याच हातांनी पुसून पाहुण्यांना दाखवतो आहोत, हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. थोरलीच्याही नाही. त्याचा तिला आता स्वतःवरही राग होता.

"बाई, नेहमीसारखं ठेवा," मॅनेजरने तिला बजावलं.

"अगदी तुमच्या नियमाप्रमाणे ठेवते, साहेब," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की धाकटीच्या अंगावर काटा आला.

तपासनीस बाई आली तेव्हा खिडक्या बंद होत्या आणि दोन्ही रूळ सुरू होते. वाफेने पलीकडची भिंत दिसत नव्हती. मॅनेजर कोट-टाय घालून आला होता.

"खिडक्या उघडा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"उघडल्या तर चादरींवर धूळ बसते आणि आम्हाला दंड बसतो," थोरलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "नोटीस तुमच्याच सहीची आहे. ती काय, दाराशी."

तपासनीस बाईने नोटीस वाचली. "रोज बंद असतात ना? मग राहू द्या. मला रोजचं बघायचंय."

मॅनेजरने टाय सैल केला, मग कोट काढला. थोड्या वेळाने खुर्ची मागितली.

"खुर्च्या तुम्हीच नेल्यात, साहेब. बसलं की आळस येतो म्हणालात."

तो दाराकडे वळला.

"जागा सोडली की अर्धा दिवस जातो हं," थोरली चादर ओढता ओढता म्हणाली.

तपासनीस बाईचाही घाम गळत होता, पण ती हलली नाही, मग त्यालाही हलता येईना. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. थोरलीला त्याला नुसतं कळायला नको होतं, जळायलाच हवं होतं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. तिने एक क्षणही नजर हटवली नाही. तिला सुख होत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

दुपारच्या सुट्टीआधीच मॅनेजर गुडघ्यांतून वाकला आणि फरशीवर बसला. धाकटीने हातातली चादर टाकली आणि पाणी घेऊन धावली.

"नाटकं आहेत," थोरली म्हणाली. "काम नको म्हणून."

तपासनीस बाईने मान वर करून विचारलं, "हे कोणाचं वाक्य?"

मग धाकटीने एका हाताने पाण्याचा पेला मॅनेजरच्या तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली.

नवे गुण आले, तेही अंगणातच वाचून दाखवायचे होते. इस्त्रीखात्याचा पगार धुलाईच्या बरोबरीला आला होता. दीर पहिल्यांदाच पुरुषांच्या रांगेतून निघून बायकोशेजारी येऊन उभा राहिला.

"इस्त्रीखाता," मॅनेजर कागदात तोंड घालून पुटपुटला. "उष्णता, पूर्ण गुण."

"ऐकू आलं नाही," थोरली म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं.

"अजून नाही."

त्याने मोठ्याने वाचलं. धाकटीने थोरलीचा पदर ओढला. "जाऊबाई, पुरे आता."

थोरलीने तिचा तोच हात धरून सगळ्यांसमोर वर केला.

"हा डाग जाईपर्यंत वाचा, साहेब," ती म्हणाली.