उलटा हात

हिच्या पोटावर दोन पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि त्यांच्या वायरी जेवणाच्या डब्याएवढ्या एका यंत्रात गेल्या आहेत. या मंद विजेने गाठ कदाचित आक्रसेल, असं डॉक्टर म्हणतात. "प्रयोग आहे, खात्री देत नाही," हेही त्यांनीच सांगितलं. बाकीचे उपाय संपले होते, म्हणून आम्ही सही केली.

मी जन्मभर वायरमनचं काम केलं. टेस्टर हाताशी नसला की आम्ही वायर उलट्या हाताने चाचपायचो, कारण शॉक बसला तर हात आपसूक मागे येतो. काही लागलं नाही की जिवात जीव यायचा. वीज न लागणं म्हणजे माणूस वाचणं, एवढंच मला ठाऊक.

"अहो, मला काहीच जाणवत नाही. चालू आहे ना?" हिने विचारलं.

सवयीने मी उलटा हात पट्टीशेजारी टेकवला. घामेजलेली कातडी होती आणि तिच्याखाली ती टणक गाठ. वीज कुठेच लागेना. एकदा तरी शॉक दे रे, म्हणून मी त्या डब्याला मनातल्या मनात विनवत राहिलो.

मग मीच हात झटकन मागे घेतला.

"चालू आहे. चांगलाच बसला."

"जपून हो," ही म्हणाली, मी कामावर निघताना रोज म्हणायची तसंच.