बिनवासाचा धूर

ओलीटा हारग्रोव्ह उभ्याने जेवायची. हातात ताटली, कंबर ओट्याला टेकलेली, नजर खिडकीबाहेर. शेवटचा घास तोंडात असतानाच ताटली धुवायला घ्यायची. नवरा हॉलिस मात्र टेबलाशी बसून ताकात मक्याचा पाव कुस्करून सावकाश खायचा आणि ती त्याच्याभोवती घिरट्या घालायची. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, तिथे बसायला कुठे सवड होती, असं ती लोकांना सांगे. त्यात काही अर्थ नाही. ती पाळण्यातही स्वस्थ नसणार.

तिच्या बापाला मुलगा नव्हता, आणि केंटकीच्या या टोकाला काळ्या तंबाखूला धुरी द्यायचं काम बायकांचं नव्हे. बायकांनी ताटावरून पानं सोलायची, जुड्या बांधायच्या. पण बापाने बघितलं, या पोरीला तशीही झोप नाही, तर बसू दे कोठारात आगीपाशी. कोठाराच्या मातीच्या जमिनीवर हिकरीच्या टणक लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या, वरून भुसा दाबायचा, आणि आढ्यापर्यंत टांगलेल्या पानांना आठवडेच्या आठवडे नुसता धूर द्यायचा. ज्वाळा दिसली की संपलं. पानं जातात, कोठार जातं. ओलीटाला भुशाखालची ज्वाळा दिसायच्या आधी वासाने कळायची. हिकरी कुठली, ओक कुठला, मिलवाल्याने मध्ये स्वस्तातलं पॉपलर मिसळून कुणाला फसवलंय, सगळं ती नाकाने सांगायची. शेजारचे बाप्ये उगाच गप्पा मारायला आल्यासारखे यायचे, आणि जाता जाता मूठभर भुसा तिच्या नाकाखाली धरायचे. एवढा मान त्या भागात बाईला मिळत नसे. तो तिला फार आवडायचा, हेही सांगून टाकलेलं बरं.

तर या हॉलिसच्या हृदयात जाळी बसवली. मिसरूड फुटायच्या आधीपासून सिगारेट ओढणारा माणूस. डॉक्टर म्हणाला, सिगारेट बंद. हॉलिसने वाद घातला नाही. गावातल्या दुकानातून व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, नळी आणली आणि तंबाखूच्या चवीचं म्हणून जे लिक्विड मिळतं ते भरून ओढायला लागला. थोडे दिवस गेले. मग एकदा जेवताना, पाऊस पडेल असं वाटतंय म्हणावं तशा आवाजात तो म्हणाला,

"डॅरेलच्या कोठाराची धुरी संपेपर्यंत हे ओढतो. मग परत माझं पाकीट."

डॅरेल म्हणजे ओलीटाच्या बहिणीचा मुलगा. हॉलिसची जमीन आता तोच कसतो.

"मरायचंय का तुला?" ओलीटा म्हणाली.

"नाही. पण यात तंबाखू कुठाय? वाढदिवसाचा केक आहे हा. केक ओढत किती दिवस काढायचे?"

हॉलिस धमक्या देणारा माणूस नव्हता. म्हणूनच तिला धडकी भरली. त्याने गाडीच्या खणात सीलबंद पाकीट ठेवलेलं तिने पाहिलं, आणि त्याच दुपारी ती कामाला लागली.

पानं बारीक कातरून ग्लायकोलमध्ये, म्हणजे व्हेपच्या लिक्विडाच्या मूळ द्रवात, भिजवायची, बरणी फ्रिजच्या वर उबेला ठेवायची, मग कॉफीच्या कागदातून गाळायचं, पुन्हा गाळायचं, जोवर खाली गाळ राहत नाही तोवर. गाळलेला तपकिरी अर्क साध्या लिक्विडात मिसळायचा. एवढं काही अवघड नाही. शेजारची विल्मा आंब्याच्या चवीचं काहीतरी ओढत असे, तिच्याकडून ओलीटाने हे शिकून घेतलं आणि डॅरेलने गेल्या हंगामातली जुडी दिली.

पहिली बाटली तयार झाली. तिने ओढून पाहिली. तंबाखू होती, पण वरवरची. जिभेवर आली आणि गेली. खाली काही नाही. हॉलिस म्हणाला, "बरंय." त्याचं 'बरंय' म्हणजे भिंतीने दिलेलं उत्तर.

मग ओलीटाने चवीला खोली आणायचं मनावर घेतलं. कोकोचा थेंब घातला. जरा गोलाई आली. अक्रोडाचा घातला. काळ्या मनुकांचा, कातड्याच्या वासाचा, चिमूटभर गोडव्यासाठी अंजिराचा. धुराचा एक अर्क बाटलीत मिळतो, तो घातला. खरं तर असं मिश्रण अंधाऱ्या कपाटात ठेवून विसरून जायचं असतं. चवींना एकमेकींत मुरायला वेळ लागतो. विसरणार कोण? ओलीटा? ती कपड्यांच्या मशिनकडे जाताना एक झुरका घ्यायची, येताना एक. फोनवर बोलताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. दर वेळी वाटायचं, अजून थोडं कमी पडतंय. अजून एक थेंब. जितकं घालावं तितकं ते मागे सरकत होतं.

त्याच दिवसांत तिच्या हातचं खाणंही बिघडलं होतं, पण ते तिला कळलं नाही. हॉलिस जेवताना घागरभर पाणी प्यायला लागला होता. तिला वाटलं, जाळीच्या गोळ्यांमुळे असेल.

एका रविवारी चर्चच्या जेवणानंतर तिने विल्माला अंगणात गाठलं आणि नळी हातात दिली. विल्माने झुरका घेतला. तिचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले. तिने नळी रुमालाने पुसून परत दिली.

"वेगळंच आहे हो," विल्मा म्हणाली.

आता हे ओलीटाला कळायला नको होतं? त्या चर्चच्या टेबलावर डुकराची जळकी तंगडी, कच्चा भात, गोड कोबी, काहीही आलं तरी बायका काय म्हणतात? वेगळं आहे. ओलीटाने स्वतः तो शब्द किती जणींच्या कढईवर टाकला असेल त्याला सुमार नाही. पण स्वतःवर पडला तेव्हा ती म्हणाली, "हो ना? दुकानात नाही मिळायचं असलं." आणि घरी येऊन धुराचे आणखी दोन थेंब घातले.

धुरीचे दिवस संपत आले होते. ओलीटाला झोप लागेना, लागली तर टिकेना. शेवटी तिने ठरवलं, आठवणीवर विसंबून होणार नाही. खरा धूर नाकात भरून घ्यावा आणि तसाच्या तसा घरी आणून बाटलीत उतरवावा. हातातलं काम टाकून ती गाडीत बसली.

डॅरेलच्या कोठाराच्या फटीफटीतून निळा धूर गळत होता. ती उतरली, डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. काही नाही. वारा उलटा असेल. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. काही नाही. दार उघडून आत शिरली. डॅरेल फावड्याने भुसा दाबत होता.

"भुसा कुणाकडून आणलास?"

"नेहमीच्याच मिलमधून. का ग मावशी?"

"फसवलंय तुला. हिकरी नाही ही. काहीतरी पुचाट लाकूड आहे. धुराला वासच नाही."

डॅरेल हसला. "टपालवाला म्हणाला, वळणावरच गाडीच्या काचा चढवतो. तरी घरी गेल्यावर बायको अंघोळ घालते."

"मला शिकवू नकोस. तू लंगोटात होतास तेव्हापासून मी धुरी दिलीय. हा धूर नुसता दिसतोय. पानाला काय लागणार, कपाळ?" तिने खाली वाकून मूठभर भुसा उचलला, नाकाशी धरला, मग त्याच्या नाकाशी नेला. "हे घे. लाकडाचासुद्धा वास नाही."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. डॅरेलने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. खिशातून तोंडात धरायच्या तंबाखूची डबी काढली. ती असली उग्र, पुदिन्यासारखी, की टॅमी, त्याची बायको, ती घरात उघडू देत नाही. झाकण काढून त्याने डबी पुढे केली.

"हुंग."

ओलीटाने हुंगली. पुन्हा हुंगली.

"जुनी झालीय," ती म्हणाली.

"आजच फोडलीय, मावशी."

भुशात कुठेतरी चटचट झालं. डॅरेलने सवयीने तिच्याकडे पाहिलं. बोल, ज्वाळा धरतेय का? ती अजून डबीच हुंगत होती. मग त्याने स्वतःच वाकून, बघून, भुसा दाबला.

"हॉलिसकाका म्हणाले तेव्हा मला खरं वाटलं नाही," तो पुटपुटला.

"काय म्हणाले काका?"

"काही नाही."

"डॅरेल."

"रोज दिवे लागायच्या वेळेला येतात इथे. बादली उपडी घालून दाराशी बसतात. नळीत दुकानातलं साधं बिनचवीचं भरतात. म्हणतात, नळीत काही नसलं तरी चालतं, बाकीचं कोठार देतं."

"आणि मी देते त्या बाटल्या?"

डॅरेलने फावड्याच्या टोकाने दाखवलं. दाराच्या आतल्या फळीवर तिच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

"आणि ही धुरी संपली की?" ती म्हणाली.

"तेच तर. आठवड्याभरात दारं उघडणार मी."

घरी आली तेव्हा हॉलिस जेवत होता. ओलीटाने त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. हॉलिसने चमचा खाली ठेवला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही गेलं. वाईट होत्या का बाटल्या?"

"वेगळ्या होत्या."

"हॉलिस."

त्याने घेवडा ताटलीच्या कडेला सारला. मग म्हणाला, "डांबर होतं, ओली. डांबरात कुणी चॉकलेट वितळवावं, तसलं."

"मग तोंडाला काय झालं होतं?"

"तू वाढलंस आणि मी नावं ठेवली, असं कधी झालंय?"

"हा घेवडा?"

"खारट."

"कधीपासून?"

"झाडांची पानं लाल व्हायला लागली तेव्हापासून. जीभ मेलीय तुझी. नाकही. दुकानातली बाई सांगत होती, सारखं तेच तेच ओढलं की होतं. बंद केलं की परत येतं."

"आणि तू हे तिच्याशी बोललास. डॅरेलशी बोललास. माझ्याशी सोडून सगळ्या गावाशी."

ती उठली, घरातल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या, आणि नळीला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्या दिवसांत तिने पडदे धुतले, खुराड्याला रंग दिला, रंग आवडला नाही म्हणून पुन्हा दुसरा दिला. विल्मा फिरकली तेव्हा दारातच तिला म्हणाली, "वेगळं आहे म्हणे. बया, डांबर आहे म्हणायला काय झालं होतं?" विल्मा म्हणाली, "माझ्या लेकीच्या लग्नातल्या केकला तू काय म्हणाली होतीस?" दोघींनी विषय बदलला.

पहिला वास परत आला तो ओल्या कुत्र्याचा. ओलीटा त्या कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. पण वास यायचा आणि जायचा. त्याच्या भरवशावर मिश्रण करणं शक्य नव्हतं. अगदी पहिल्या अर्काची अर्धी बाटली कपाटात मागे, नजरेतून सुटून, राहिली होती. तिने त्यात फक्त अक्रोड घातला आणि धुराचा एक थेंब, आणि चाखलं नाही. तिच्यासाठी हे दात उपटून घेण्यापेक्षा अवघड होतं.

डॅरेलने कोठाराची दारं उघडली त्या संध्याकाळी हॉलिस लवकर परतला. तिने भरलेली नळी टेबलावर ठेवली आणि समोर बसली.

"ओढ. आणि 'बरंय' म्हणालास तर ही बरणी डोक्यात घालीन."

हॉलिसने झुरका घेतला, सोडला. दुसरा घेतला. जड पोतं उचलावं तसा त्याचा चेहरा झाला.

"वाईट आहे," तो म्हणाला.

आभाळ कोसळलं नाही. ओलीटा पुढे झुकली. "काय वाईट आहे?"

"पुढे सगळं आहे. धूर आहे, कडवटपणा आहे. मागे कुणी नाही." तो आणखी शोधू लागला, आयुष्यात इतकं कधी बोलला नव्हता. "पान कोवळं आहे, ओली. गेल्या हंगामाचं. ते अजून ओरडतंय. त्यावर तू वरून कितीही माणसं आणून बसवलीस तरी घर रिकामंच."

"मग काय करू?"

तो उठला आणि बाहेर गेला. गाडीचं दार वाजलं. ओलीटा जागची हलली नाही, फक्त टेबलाची कड धरून राहिली. त्या खणात काय आहे ते तिला ठाऊक होतं. दार पुन्हा वाजलं.

हॉलिस आत आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. टेबलावर सोडलं. तंबाखूची जुडी होती, वाळून काळीभोर, कडा चुरलेल्या, वर धूळ.

"डॅरेलच्या पानं सोलायच्या खोलीत आढ्याला होती. मीच अडकवली होती, जमीन त्याला दिली त्या वर्षी."

ओलीटाने ती नाकाशी धरली. आधी काही नाही. मग, फार मागून, जुन्या खोगिराचा वास, त्यामागे मनुका, आणि मग गेला. तिने जुडी खाली ठेवली आणि भडकली.

"एवढी वर्षं मुरलेलं पान डोक्यावर लटकतंय आणि मला आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कधी? तुझं चॉकलेट घालणं चालू होतं."

ती कात्री आणायला गेलीसुद्धा. पानं कातरता कातरता बोलत होती. "हे भिजायला कितीतरी दिवस जातील. मग गाळायचं, मग कपाटात मुरवायचं. ख्रिसमस येईल."

"येईल."

"तोवर काय ओढशील?"

हॉलिसने टेबलावरची नळी उचलली. "हे आहे की."

"ते तर वाईट आहे म्हणालास."

"हो," झुरका घेत तो म्हणाला. "चांगलंच वाईट आहे."

"आणि पाकीट?"

"गाडीत आहे. असू दे तिथे."

तिने बरणी भरली, झाकण लावलं, फ्रिजवर ठेवली. दोन पावलं गेली, परत आली, आणि झाकणाला हात घातला. हॉलिसने खुर्चीतून न उठता समोरची खुर्ची पायाने तिच्याकडे ढकलली.

"बस, ओली."

ती बसली. पाय टेबलाखाली हलतच होता.