मोठ्या आईच्या आवाजाच्या तीन प्रती

आमच्या मोठ्या आईला, म्हणजे वडिलांच्या वहिनीला, हळदीची गाणी पाठ होती. रायपूरच्या मराठी घरांत ती म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी निवृत्त होतो आणि घरात माझा सगळ्यांना त्रास व्हायला लागला होता. मी गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि पुतण्याच्या मागे लागून त्यांची वेबसाइट काढली. नंतर मोठी आई गेली.

एका कार्यशाळेत सांगितलं होतं, तीन प्रती कराव्यात आणि वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. मी शिस्तीचा माणूस. एक वेबसाइटवर, एक हार्ड डिस्कमध्ये लोखंडी कपाटात, एक पेनड्राइव्हमध्ये देवघरात.

पुतण्याने नोकरी बदलली. वेबसाइट कुठल्या ईमेलवर काढली होती हे त्याला आठवेना, आणि एक दिवस ती उघडेचना. हार्ड डिस्क नुसती टकटक वाजायची. मोबाइल तर मी तोवर बदलला होता. राहिला पेनड्राइव्ह. जावयांनी तो पुसून गाडीत ऐकायला भजनं भरली होती. देवघरातला आहे म्हणजे भजनांचाच असणार, असं त्यांना वाटलं. जावयाला बोलायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी भजनं चांगली आहेत म्हणालो. पण मला फार वाईट वाटलं. तिचा आवाज आता कुठेच नव्हता.

पुढे बीरगांवला ओळखीच्यांकडे हळदीला गेलो. स्पीकर बंद पडला, तशी नवरीची धाकटी बहीण गाऊ लागली. गाणं मोठ्या आईचं. चाल तिची, दम घ्यायच्या जागाही तिच्याच. शेवटची ओळ संपली आणि त्याच सुरात ती पुढे म्हणाली,

"गॅस बंद कर ना रे, भाजी लागून राहिली."

भोवतीच्या पोरींनीही ते मन लावून म्हटलं.

हे शेवटचं कुठून आलं, असं मी तिला विचारलं. तिला मराठी समजतं, बोलते हिंदीत.

"अंकल, ये तो गाने में ही है. मम्मी ने वेबसाइट से सीखा था."

रेकॉर्डिंग आमच्या स्वयंपाकघरात झालं होतं आणि ते वाक्य मोठी आई मला म्हणाली होती. मी तिथे कुणाला हे सांगितलं नाही. परत म्हण म्हटलं आणि मोबाइल समोर धरला. पोरगी शेवटाला आली, तसा मी उठलो आणि त्यांच्या स्वयंपाकघराकडे चालू लागलो.