उजव्या पाकळीचा मासा

डिचोलीच्या बाजारात एक नारळवाले आहेत. लोकांच्या काचेच्या टाकीतले सिक्लिड मासे पाहून ते त्यांची जात आणि नर की मादी ते सांगतात. आधी "कसो आसस रे?" विचारतात, मग "कशी आसस गे?", आणि मासा कोणत्या हाकेला वळतो ते बघतात. त्यानंतरच परांची टोकं तपासतात.

माझ्या फ्लॉवरहॉर्न माशापाशी मात्र ते अडले. कपाळावरचं टेंगूळ नराचं, पण तो दोन्ही हाकांना वळायचा. शेवटी त्यांनी मला देवळात नेलं आणि कौल घ्यायला गुरवाकरवी देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर नर, डावी पडली तर मादी. गुरवाने गंभीरपणे गाऱ्हाणं घातलं. उजवीच पडली.

आठवड्याने माझ्या नराने अंडी घातली.

नारळवाले आले आणि बराच वेळ टाकीसमोर उकिडवे बसले. मग तो मासा घेऊन गेले आणि संध्याकाळी स्वतः पिल्लापासून वाढवलेला, अस्सल नर माझ्या टाकीत आणून सोडला.

"आता देवीचो कौल खरो झालो," ते म्हणाले.

"पण देवीला ठाऊकच असेल ना?"

"तिका म्हायत आसा," ते हळूच म्हणाले. "गुरवाक सांगू नकात. तेका वायट वाटात."